अवघड डाव आणि अन्यायाचा डाव

गेल्या उन्हाळ्यात, अचलपूर तालुक्यातील आमच्या घराच्या ओसरीत, भर दुपारी कूलरपुढे चार मुले नकाशा पसरून बसली होती आणि मी बंगईवर बसून त्यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा गोष्टीतल्या पात्रांचा खेळ चालवत होतो. माझ्या पुतणीचे पात्र, एक तिरंदाज मुलगी, भुयारातील एका दारापाशी पोहोचली, तिने दार ढकलले, आणि माझ्या वहीत लिहिल्याप्रमाणे उंबरठ्यापलीकडची फरशी खचून ती खाली रोवलेल्या सुळ्यांवर कोसळली. चिठ्ठी काढली, आकडा कमी आला, पात्र मेले. सहा दुपारी जपलेले पात्र होते ते. पुतणी थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “काका, हे तं चिटिंग हाय.” मी तिला वहीतले पान दाखवले, कारण खड्डा मी आयत्या वेळी काढलेला नव्हता, तो आधीपासून तिथे लिहिलेला होता. तिने पान नीट वाचले आणि विचारले, “पन मले कसं समजनार होतं?”

या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी माझ्याकडे नव्हते. खेळ अवघड असणे आणि खेळ अन्यायाचा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला माहीत होते. पण त्यांच्यातील सीमारेषा नेमकी कुठे आहे, हे मी कधी तपासले नव्हते. या लेखात तेच समजावून सांगण्याचा प्रयत्न आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध केला आणि त्यातून खेळांचा एक अख्खा प्रकार जन्माला आला. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी तिरंदाज. एक जण मात्र पात्र न घेता सगळे जग सांभाळतो: गुहेत काय आहे, दारामागे कोण उभे आहे, गावचा पाटील खरे बोलतो की खोटे, हे तो ठरवतो. त्याला मूळ खेळात डंजन मास्टर म्हणतात. आमची मुले सूत्रधार म्हणतात आणि मला तोच शब्द बरा वाटतो. पात्राने काही धोक्याचे केले की वीस बाजूंचा फासा टाकतात (आम्ही त्याऐवजी एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्यांतून एक काढतो) आणि आकडा ठरावीक मर्यादेपर्यंत पोहोचला तर काम फत्ते होते.

या मांडणीतच न्यायाचा पेच दडलेला आहे. बुद्धिबळात दोन्ही बाजूंना सोळा सोळा मोहरी असतात, कबड्डीत सात विरुद्ध सात असतात, आणि म्हणून तिथे न्याय म्हणजे समानता असे सहज म्हणता येते. इथे सूत्रधाराच्या हाती अमर्याद सत्ता असते. त्याने ठरवले तर पहिल्याच वळणावर दहा ड्रॅगन उभे करता येतात आणि कोणताही नियम त्याला अडवत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंचे बळ सारखे आहे का, हा प्रश्न इथे निरुपयोगी ठरतो. जो प्रश्न उरतो तो माझ्या पुतणीने विचारला होता: समजण्याची सोय होती का, आणि समजल्यावर वेगळे काही करता आले असते का?

आमच्याकडच्या शेतातील जुन्या विहिरींचे उदाहरण घ्यावे. साठ फूट खोल विहिरीला कठडा असेल, पायऱ्या निसरड्या आहेत हे दिसत असेल, आणि तरीही एखादा पाणी काढायला उतरत असेल, तर ते काम अवघड आहे. उतरणाऱ्याने जोखीम पाहून ती पत्करलेली आहे. तीच विहीर बिनकठड्याची असेल आणि पावसाळ्यात तिच्या तोंडाभोवती कमरेएवढे गवत माजले असेल, तर परगावच्या माणसाच्या दृष्टीने तिथे अवघड असे काहीच नाही, कारण अवघडपणाला सामोरे जाण्याची संधीच त्याला मिळत नाही. खोली दोन्ही ठिकाणी सारखीच आहे. माझ्या भुयारातील खड्डा ही गवतातली विहीर होती.

मी तो खड्डा काढून टाकला नाही. त्याच्याभोवती खुणा ठेवल्या. आता त्या दाराकडे जाणाऱ्या वाटेवर धुळीत उंदरांच्या पावलांचे ठसे आहेत, पण दारापासून दोन हात अलीकडे ते सगळे एकदम बाजूला वळतात. दाराच्या खालच्या फटीतून गार वारा येतो. आणि भिंतीला टेकून एक लांब काठी ठेवलेली आहे, जिचे टोक ठोकून ठोकून चेपले आहे. या तिन्ही गोष्टी मी न विचारता सांगतो. पूर्वी माझी सवय अशी होती की खुणा दिसण्यासाठीही चिठ्ठी काढायला लावायची आणि आकडा चांगला आला तरच सांगायचे. त्यातली चूक हिशोब मांडल्यावर लक्षात येते. एकच खूण ठेवली आणि ती दिसण्याची शक्यता निम्मी असली, तर निम्म्या वेळा खेळाडू पूर्ण आंधळा चालतो. तीन वेगवेगळ्या खुणा ठेवल्या तर तिन्ही हुकण्याची शक्यता साडेबारा टक्क्यांवर येते. तरीही मला वाटते की जीव घेणाऱ्या संकटाची निदान एक खूण फुकट मिळालीच पाहिजे. खुणेचा अर्थ लावणे हे खेळाडूचे काम आहे आणि खेळाची सगळी गंमत त्या कामात आहे. खूण दाखवणे हे सूत्रधाराचे काम आहे, ते नशिबावर सोडू नये.

या संदर्भात या खेळाच्या इतिहासातील सर्वांत कुप्रसिद्ध भुयाराकडे पाहण्यासारखे आहे. ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे साहस, म्हणजे खेळण्यासाठी आधीच लिहून ठेवलेले भुयार, गायगॅक्स यांनी १९७५ साली बाल्टिमोर येथील ओरिजिन्स या मेळाव्यातील स्पर्धेसाठी वापरले आणि १९७८ साली ते छापून आले. त्यात सुरुवातीच्याच दालनात भिंतीवर सैतानाचा एक हिरवा चेहरा कोरलेला आहे, त्याचे तोंड उघडे आहे, आत मिट्ट काळोख आहे, आणि त्या काळोखात जो शिरतो तो समूळ नष्ट होतो. फासा नाही, बचाव नाही. अन्यायी सूत्रधाराचे उदाहरण म्हणून हा चेहरा आजही सांगितला जातो. परंतु त्याच दालनाच्या जमिनीवर एक कोडे लिहिलेले आहे आणि त्यात शक्यतो हिरव्यापासून दूर राहा असा इशारा आहे, हे सांगायचे राहून जाते. शिवाय ते स्पर्धेचे भुयार होते. तिथे कोणता गट किती खोल पोहोचतो हे मोजायचे होते, आणि मोजपट्टीचे काम करणाऱ्या भुयारात बहुतेकांनी कुठेतरी थांबणे अपेक्षितच असते. तेच भुयार घरी, सहा दुपारी जपलेल्या पात्रांपुढे, काही न सांगता ठेवले तर अन्याय होतो. तो दोष मात्र भुयारापेक्षा जागा आणि वेळ निवडणाऱ्याचा अधिक आहे.

सुरुवातीच्या काळातील खेळात न्यायाची आणखी एक व्यवस्था होती, आणि ती मला फार शहाणपणाची वाटते. भुयाराचे मजले असत, जितके खोल जावे तितके धोके मोठे आणि खजिनाही मोठा, आणि हे सर्व खेळाडूंना आधीपासून ठाऊक असे. पहिल्या मजल्यावर सावकाश फिरायचे की थेट चौथ्यावर उतरायचे, हे खेळाडू ठरवत. म्हणजे अवघडपणाची पातळी निवडण्याचा अधिकार त्यांच्या हाती होता. त्यातच भर म्हणजे समोर आलेला प्रत्येक प्राणी अंगावर धावून येईलच असे नव्हते. १९८१ सालच्या प्राथमिक संचात सूत्रधार साधे दोन फासे टाकून समोरच्याची वृत्ती ठरवतो: दोन आले तर लगेच हल्ला, बारा आले तर दोस्ती, आणि मधल्या आकड्यांवर संशय, गोंधळ, बोलणी. दोन फाशांची बेरीज सर्वांत जास्त वेळा सातच्या आसपास येत असल्याने बहुतेक भेटींत बोलायला जागा उरते. लढाई जुंपलीच तरी शत्रूच्या बाजूचा पहिला मृत्यू झाल्यावर आणि पुन्हा निम्मे पडल्यावर त्यांच्या धैर्याची परीक्षा होते आणि पुष्कळदा ते पळून जातात. संकट फार मोठे असूनही सुटकेच्या वाटा अनेक होत्या. आजच्या सूत्रधारांपैकी पुष्कळ जण शत्रूला शेवटच्या श्वासापर्यंत लढवतात आणि मग खेळ जीवघेणा झाला म्हणून आकडे कमी करत बसतात.

पुढे खेळात समतोलाची गणिते आली. आमच्या भागातील जत्रेत कुस्त्यांची दंगल होते तेव्हा जाणता पंच दोन पहिलवानांकडे पाहून जोड लावतो. त्याची नजर चुकली तर एक तर कुस्ती क्षणात संपते किंवा कोणाचा हात निखळतो. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने ही नजर आकड्यात बसवली आणि प्रत्येक राक्षसाला आव्हानाचा अंक दिला, तो चार जणांच्या गटाच्या पातळीशी, म्हणजे पात्रे किती अनुभवी झाली त्या आकड्याशी, ताडून पाहायचा. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत हे गणित आणखी तपशीलवार झाले. त्यात गॉब्लिन नावाच्या बुटक्या लुटारूची किंमत ५० गुण आहे. पहिल्या पातळीच्या चार पात्रांसाठी १०० गुणांची लढाई सोपी, २०० ची मध्यम, ३०० ची कठीण आणि ४०० ची प्राणघातक मानली जाते. मात्र शत्रू अनेक असतील तर बेरजेला गुणायचे असते, कारण संख्येचे बळ साध्या बेरजेपेक्षा जास्त असते. दोन गॉब्लिन म्हणजे १०० ची दीडपट, १५०, म्हणजे सोपी लढाई. तीन म्हणजे १५० ची दुप्पट, ३००, म्हणजे कठीण. आणि चार म्हणजे २०० ची दुप्पट, ४००, म्हणजे थेट प्राणघातक. दोनचे चार केले की सोप्याचे प्राणघातक होते, हे नव्या सूत्रधाराच्या ध्यानात येत नाही. २०२४ च्या सुधारित आवृत्तीत ही गुणण्याची पद्धत काढून टाकली आहे. हिशोब सुटसुटीत झाला, पण झुंडीच्या धोक्याचा अंदाज सूत्रधाराला पुन्हा आपल्या नजरेने घ्यावा लागतो.

आणि ही गणिते ज्या गोष्टीबद्दल मौन पाळतात ती कधी कधी सर्वांत मोठी असते. समजा आपल्या गटातील जादूगाराचा जीव ७ आहे, म्हणजे ७ इजा झाली की तो कोसळतो, आणि त्याला घाव लागण्यासाठी १२ आकडा पुरतो. गॉब्लिनच्या नेमासाठी फाशाच्या आकड्यात ४ मिळवायचे असतात, म्हणजे फाशावर ८ किंवा अधिक आले की बाण लागला; ही शक्यता ६५ टक्के. एका बाणाने साध्या सहा बाजूंच्या फाशाचा आकडा अधिक २, म्हणजे ३ ते ८ इजा होते. दोन बाण लागले तर जादूगार जवळजवळ नक्कीच कोसळतो, कारण दोन फाशांच्या ३६ जोड्यांपैकी फक्त एक त्याला वाचवते. आता चारही गॉब्लिननी एकाच जादूगारावर नेम धरला तर किमान दोन बाण लागण्याची शक्यता ८७ टक्के होते. तेच चार बाण चौघांत वाटले गेले तर पहिल्या फेरीत बहुधा सगळे उभे राहतात. कागदावर लढाई तीच आहे. फरक पडला तो सूत्रधाराने कोणावर नेम धरला यामुळे, आणि म्हणून गॉब्लिनांनी जादूगारालाच का निवडले याचे कारण जगातच असले पाहिजे. त्याने आधी आगीचा गोळा फेकला असेल तर ते योग्यच आहे. त्याला खेळवणारा मुलगा मघाशी सूत्रधाराशी वाद घालत होता म्हणून असेल तर मुलांना ते लगेच कळते.

फाशांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे आमच्याकडे एक खरा घोटाळा झाला होता. वीस बाजूंचा फासा आमच्या गावात मिळत नाही, म्हणून आम्ही पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या ठेवतो. पहिल्या दिवशी काढलेली चिठ्ठी बाजूला ठेवण्याची पद्धत पडली आणि त्यात वावगे काय, हे कोणालाच जाणवले नाही. माझ्या भाच्याला मात्र जाणवले. तो बाहेर पडलेल्या आकड्यांवर नजर ठेवी आणि लहान आकडे बरेच निघून गेले की मगच धाडसाचे काम करी. हिशोब सरळ आहे: १५ किंवा अधिक हवे असतील तर वीस चिठ्ठ्यांत अशा सहा आहेत, म्हणजे ३० टक्के, पण सहा लहान चिठ्ठ्या आधीच निघाल्या असतील तर उरलेल्या चौदांत त्या सहा आहेत, म्हणजे जवळपास ४३ टक्के. त्याने लबाडी केली असे मी म्हणणार नाही. नियम आम्हीच ढिला ठेवला होता आणि त्याने तो वाचला. परंतु बाकी तिघे जोखीम घेत होते आणि तो एकटा हिशोब घेत होता. तेव्हापासून प्रत्येक चिठ्ठी परत डब्यात जाते आणि डबा हलवल्याशिवाय पुढची निघत नाही.

त्याच ३० टक्क्यांत आणखी एक गोष्ट लपलेली आहे. पाचव्या आवृत्तीच्या पुस्तकात १० म्हणजे सोपे, १५ म्हणजे मध्यम आणि २० म्हणजे कठीण असे दिले आहे. ‘मध्यम’ हा शब्द वाचून मन निश्चिंत होते, पण त्या कामाचे विशेष कसब नसलेले पात्र मध्यम कामात दहापैकी सात वेळा हरते. ज्या खेळाडूने दोर आणला, दिवा पुढे धरला, सोबत्याला आधार द्यायला सांगितले, त्याला दोन चिठ्ठ्या काढून चांगली घेऊ द्यावी असा नियम आहे, आणि तेवढ्याने तीच शक्यता ५१ टक्के होते. शहाणपणाचे मोल आकड्यात दिसते, हे मुलांना फार आवडते.

याहून घातक चूक म्हणजे एकाच कामासाठी सर्वांकडून चिठ्ठ्या काढून घेणे. चार जण पहारेकऱ्यामागून दबकत चालले आहेत आणि प्रत्येकाला जमण्याची शक्यता ७० टक्के आहे. सूत्रधार म्हणतो, एकाचा जरी पाय वाजला तरी पहारेकरी जागा होईल. ७० टक्के ऐकायला बरे वाटते, पण चौघांनाही एकाच वेळी जमण्याची शक्यता फक्त २४ टक्के भरते. त्याऐवजी निम्म्यांना जमले तर सगळे निसटले, हा गटाचा नियम लावला तर तीच शक्यता ९२ टक्के होते. प्रसंग तोच, पात्रे तीच, आणि निकाल २४ चा ९२. सूत्रधाराच्या मनात कपट नसतानाही खेळ अन्यायाचा होतो तो असा, आणि बहुतेक वेळा असाच होतो.

आता ज्या प्रश्नावर सूत्रधारांत खरा मतभेद आहे त्याकडे वळतो. आकडा वाईट आला, लाडके पात्र मरणार, तर पडद्याआड आकडा बदलावा का? असे करणारे चांगले, प्रेमळ सूत्रधार आहेत. लहान मुलांचा हिरमोड होऊ नये, गोष्ट अर्ध्यात तुटू नये, असा त्यांचा हेतू असतो. माझे मत वेगळे आहे. एकदा बदललेला आकडा मुलांना कळला, आणि तो कळतोच, की त्यांचे आधीचे सगळे विजयही संशयास्पद होतात; तो ड्रॅगन आपण मारला की काकांनी मारू दिला, हे त्यांना पुन्हा कधीच ठरवता येत नाही. जो निकाल मान्य होणार नाही त्यासाठी चिठ्ठी काढायलाच लावू नये. आणि काढायला लावायची तर आधी मोठ्याने सांगावे की इतके आले तर पार, इतके आले तर खाली. पाचव्या आवृत्तीत जीव शून्यावर आला तरी पात्र सहसा लगेच मरत नाही. पुढच्या प्रत्येक फेरीत फासा टाकायचा, १० किंवा अधिक म्हणजे एक यश, कमी म्हणजे एक अपयश, आणि ज्याची तीन आधी भरतील तसा शेवट. त्या फेऱ्यांत सोबती धावून येऊ शकतात. दया दाखवायची तर ती अशी नियमात, सर्वांच्या डोळ्यांदेखत असावी.

यंदा मी नवे साहस रचले ते गाविलगडाच्या धर्तीवर. आमच्या गावातून उत्तरेला मेळघाटची रांग दिसते आणि मुलांनी चिखलदऱ्याच्या सहलीत तो किल्ला पाहिलेला आहे. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला तेव्हा दक्षिणेकडची चढण टाळण्यासाठी तोफा डोंगरातून ओढत उत्तरेला नेल्या होत्या, आणि बाहेरच्या तटाला भगदाड पाडल्यावरही आतल्या किल्ल्याची भिंत शिड्या लावून चढावी लागली होती. माझ्या खेळातील किल्लाही तसाच आहे. पायथ्याशी भेटणारा म्हातारा गुराखी मुलांना दोन्ही वाटा सांगतो: उत्तरेची सपाट आहे पण दोन तट आहेत आणि पहारा दाट आहे, दक्षिणेची कड्याची आहे, पहारा विरळ आहे, पण पडलात तर कोणी उचलायला येणार नाही. सुरुवात करण्याआधी मी एवढेही विचारून घेतले की या खेळात पात्र मरू शकते, चालेल ना. चौघांनी आपसात बोलून होकार दिला.

मुलांनी दक्षिण निवडली. कड्यावर जुना दोर लोंबत होता. पुतणीच्या नव्या पात्राने त्याला हात घालण्याआधी तिने विचारले, “दोर किती जुना हाय? पीळ सुटले काय?” मी सांगितले की मधले दोन पीळ सुटले आहेत, खाली दगडांची घळ आहे, आणि अकरा किंवा त्याहून अधिक आले तरच वर पोहोचशील. भाचा म्हणाला, परत जाऊन नवा दोर आणू. तिने थोडा विचार केला, उजाडायला किती वेळ आहे ते विचारले, मग डबा ओढला, हलवला आणि चिठ्ठी काढली. चार आला. तिने ती सर्वांना दाखवली आणि घडी घालून परत डब्यात टाकली.